आत उघडणारं दार

अहो, काल न्हाणीचं दार बसवून घेतलं. आता ते बाहेर उघडतं.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. लग्न झाल्यापासून तुम्ही मला सोडून कुठं राहिला नाहीत, आणि गेलात ते हे असे, अंघोळीला म्हणून. दीड महिना होत आला. भेटायला येणारा प्रत्येकजण मला सांगतो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. बोलेन की. पण आधी भांडण तर संपू दे. वाद हरायची वेळ आली की तुम्हाला नेहमी साइटवरचं काम आठवायचं. चपला पायात सरकवत ‘बघू नंतर’ म्हणायचं आणि फाटकाबाहेर. या वेळी साइट जरा लांबची काढलीत, एवढंच. मी इथंच उभी आहे आणि माझं बोलून व्हायचं आहे.

तर ऐका. मी तुमच्यावर सूड घेतला आहे. रडून झालं, डोकं आपटून झालं, त्यानं काही भागलं नाही. मग सूड घेतला तेव्हा दोन घास पोटात गेले.

कारखान्यात सगळे तुम्हाला ओव्हरशिअरसाहेब म्हणत. या उघड्या माळावर साखर कारखान्याची कॉलनी उभी राहिली ती तुमच्या पेन्सिलीतून. साखर शिजवणाऱ्या पॅनमनची क्वार्टर असो नाहीतर कारकुनाची, खोल्या मोठ्या-लहान, पण न्हाणी सगळीकडे एकसारखी. पाठीमागच्या बोळात, कोपऱ्यात, कपाटाएवढी, आणि दार आत उघडणारं. आपल्यालाही त्यातलीच एक क्वार्टर मिळाली. पहिल्या दिवशी मी गरम पाण्याची बादली घेऊन आत गेले आणि दार लावायला वळले, तर दार बादलीला अडलं. बादली सरकवली तर दार माझ्या गुडघ्याला अडलं. शेवटी बादली मोरीच्या तोंडाशी, मी भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, आणि मग दार. बाहेर यायचं तर हेच सगळं उलट. ओल्या अंगानं, निसरड्यात.

मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं, की हे दार बाहेर उघडायला हवं. तुम्ही हसलात. म्हणालात, “दार आतच उघडतं, सुमन. लक्ष्मी आत यायला नको?” तुमच्या आईचं वाक्य ते. उंबऱ्याच्या दाराबद्दल म्हणायच्या त्या, तुम्ही ते न्हाणीला लावलंत. मी म्हटलं, “न्हाणीत लक्ष्मी कशाला येईल? अंघोळीला?” तर तुम्हाला राग आला. मग नकाशा काढलात. बोळात दार बाहेर आलं तर ते आडवं येतं, जाणाऱ्या-येणाऱ्याला लागतं आणि कागदावर वाईट दिसतं. आणि शेवटी तुमचं ते ठेवणीतलं, “सवय होईल.”

सवय होईल! संसारभर मी हे ऐकलं. पडवीतल्या तीन काळ्या बटणांतलं पहिलं स्वयंपाकघराचं, मधलं पडवीचं आणि शेवटचं खोलीचं. का, तर तारा त्या क्रमानं आल्या होत्या. तारांची सोय झाली, माझी नाही. आल्यागेल्यासमोर मी पडवीत दिवा लावायला जायचे आणि स्वयंपाकघरात उजेड पडायचा. मी एकदा बटणांवर चुन्याची बोटं ओढली, ओळखू यावं म्हणून, तर तुम्ही ओल्या फडक्यानं पुसून काढलीत. भिंत घाण दिसते म्हणे. फळी इतकी उंच, की डाळीचा डबा काढायला पाट घ्यायचा, आणि पाट ठेवायचा कुठं, तर चुलीच्या तोंडापाशी. प्रत्येक वेळी तेच. सवय होईल. आणि होतेच की हो. माणूस काय, बैलसुद्धा घाण्याला फिरायला शिकतो. सवय झाली म्हणजे वस्तू सुधारली, असा तुमचा समज होता.

त्या सकाळची गोष्ट तुम्हाला माहीत नाही. म्हणजे दाराच्या माझ्या बाजूची. ती सांगते.

टँकर एक दिवसाआड येत होता, म्हणून अंघोळीही एक दिवसाआड. त्या दिवशी तुमची पाळी होती. दुष्काळी कामाच्या रस्त्यावरून आदल्या दिवशी तुम्ही पांढरे होऊन आला होतात, भुवयांत खडीची धूळ. सकाळी चहा घेताना छातीला हात लावलात. मी विचारलं तर म्हणालात, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी पचत नाही. मी बंबातलं पाणी काढून दिलं. बादली घेऊन तुम्ही आत गेलात, मोरीच्या तोंडाशी ठेवलीत, पोट आत घेतलंत, दार लावलंत. कडी कधी लावत नव्हतात. घरात दोघंच तर आपण.

तांब्या पडल्याचा आवाज आला. तो गडगडत गेला आणि थांबला. मी म्हटलं, “काय पडलं हो?” उत्तर नाही. मग काहीतरी जड, दाराला घासत खाली आलं.

मी दार ढकललं. तीन बोटं उघडलं आणि थांबलं. फटीतून मला तुमचा खांदा दिसला, आणि पाण्यात पडलेला हात. तुम्ही दाराला पाठ लावून बसला होतात. कडी लावली नव्हतीत, तुम्हीच कडी झाला होतात. तुम्ही म्हणालात, “दार...” एवढंच. उघड म्हणत होतात की ढकलू नको म्हणत होतात, ते मला अजून कळलेलं नाही. मी ढकललं की तुम्ही कण्हत होतात. सोडलं की दार बंद होत होतं. मी काय करायला हवं होतं? सांगा ना. तुम्ही नकाशा काढणारे, तुम्ही सांगा.

शेजारची कौसल्या धावत आली, मागून तिचा नवरा, मागून अर्धी कॉलनी. कोणी म्हणालं बिजागऱ्या काढा. काढणार कुठून? दार आत उघडणारं, म्हणजे बिजागऱ्याही आत, तुमच्याकडं. पहार आणली, पण पहारीनं दार फोडलं तर ते तुमच्यावर पडणार. शेवटी बशीरभाईंना साइटवरून आणलं. याच सुताराच्या हातून तुम्ही ही सगळी दारं बसवून घेतली होती. त्यांनी वरची फळी करवतीनं कापली. करवत चालत होती तोवर मी फटीत हात घालून तुमचा खांदा धरून बसले होते. तो मध्येच कधीतरी हातातल्या हातात बदलला. मला कळलं. मी कोणाला बोलले नाही, करवत चालू दिली.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं, दार लगेच उघडलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही बाई, मोठा झटका होता. खरं बोलणारा माणूस आहे. मी त्या ‘सांगता येत नाही’वरच बसून आहे. गेलात ते गेलात, पण कोणीतरी तुम्हाला मांडीवर घ्यायला हवं होतं. ओल्या फरशीवर, माझ्यापासून एका फळीच्या अंतरावर, एकटे गेलात. तेही तुम्हीच आखलेल्या फळीच्या.

म्हणून सूड.

पहिला बटणांवर घेतला. माझा कुंकवाचा करंडा कोनाड्यात पडून होता. जाऊबाईंनी तो उचलून आत ठेवायला घेतला, आता काय उपयोग म्हणून. मी म्हटलं, “आणा इकडं.” मेण लावलं, वर कुंकू दाबलं, आणि स्वयंपाकघराच्या बटणाला लालभडक टिकला लावला. पडवीच्या बटणाला चुना. खोलीच्या बटणाला हळद. जाऊबाई पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. “अगं, असलं कुठं करतात का?” म्हणाल्या. मी म्हटलं, “कपाळाला चालत नाही ना? मग भिंतीला चालू दे.” आता या घरात पाऊल टाकणारं कोणीही न चुकता दिवा लावतं. पुसा की आता. या फडकं घेऊन.

पण तो आपला हात गरम करायला. खरा सूड दारांवर घ्यायचा होता. एका दारावर नाही, कॉलनीतल्या सगळ्या दारांवर. रोज सकाळी त्या दारांमागं कोणी ना कोणी बादली सरकवून, पोट आत घेऊन उभं असणार. कौसल्याची सासू आहे, डोळ्यांनी अधू. दिवस भरलेल्या लेकी माहेरी येतात. मला झोप येईना. आणि मला तर पाडव्याला क्वार्टर सोडून तुमच्या थोरल्या भावाबरोबर, दादांबरोबर, बेलापूरला जायचं आहे. म्हणजे जे करायचं ते त्याआधी.

तुमचे दादा तेराव्यानंतरही थांबले होते. का, ते मला मागाहून कळलं. कारखान्याचे मोठे साहेब घरी आले, त्यांच्या हातात कागद. कॉलनीच्या फाटकावर संगमरवरी पाटी बसवायची, ‘ही वसाहत ज्यांच्या कल्पनेतून साकारली’ असं काहीसं, आणि खाली तुमचं नाव. मंजुरीसुद्धा आली होती. दादांनी तो कागद दोन्ही हातांत धरला. अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. तुम्ही नगरला शिकत होतात तेव्हा बेलापूरच्या रानात मोट कोणी धरली, हे मला तुम्ही पहिल्याच वर्षी सांगितलं होतंत. मला त्या बोटाकडं बघवेना. तरी मी म्हटलं, “साहेब, पाटी राहू द्या. न्हाणीची दारं फिरवून द्या.”

साहेबांना वाटलं, दुःखानं बोलते आहे. “वहिनी, त्यांचं एवढं नीटस काम, त्याला आपण हात लावायचा? त्यांचा अपमान होईल.”

दादा तर उसळले. “सुमन, ध्यान हाय का काय बोलतीस? दारं उलटवली म्हंजी लोक काय म्हनतील? वव्हरशेर सोताच्या चुकीनं मेला म्हनतील.”

“मग त्यात खोटं काय आहे?” मी म्हटलं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या दुप्पट बरं वाटलं. इतकी वर्षं जे तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं, ते तुमच्या साहेबांसमोर आणि भावासमोर म्हणून झालं.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना चहाला बोलावलं. कौसल्याकडं. आपलं दार तर कापलेलं, तिथं गोणपाटाचा पडदा लावला होता. तिचं दार अजून शाबूत. तिच्या नवऱ्यानं साइटवरून वाळूचं पोतं आणून दिलं होतं. कौसल्या म्हणाली, “म्या आत ऱ्हाते. पोतं दाराला टेकून उबं करते. भाईरनं कसं कराल?” चहा झाल्यावर मी साहेबांना बोळात नेलं आणि म्हटलं, “आत माणूस पडलाय असं समजा. त्याला न दुखवता दार उघडून दाखवा. उघडलं तर पाटी बसवा. मी स्वतः हार घालीन.”

साहेबांनी कोट काढला. आधी दोन बोटांनी ढकललं, मग तळहातानं, मग खांदा लावला. दार तीन बोटं उघडलं आणि थांबलं. तेवढंच. जणू मोजून. साहेबांनी जोर केला आणि आत पोतं आडवं झालं. भिंत आणि दार यांच्या मध्ये पाचर बसावी तसं. दार फटकन बंद झालं.

“वैनी,” आतून कौसल्या, “ह्ये हलंना!”

“ओढ की मागं.”

“कुटं वढू? मागं म्याच हाय! अवो वैनी, हलंना वो ह्ये!” तिचा आवाज बदलला. मोठी धीट बाई, मुकादमाला शिव्या घालणारी. पण त्या कपाटात वाळूच्या पोत्यासोबत अडकल्यावर तिला घाम फुटला. साहेब ढकलायला लागले, तशी ती ओरडली, “ढकलू नगा! पायावर येतंय!” साहेबांचे हात दारावरच राहिले. ढकलावं की सोडावं त्यांना कळेना. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. असंच तोंड माझं झालं असणार त्या दिवशी.

शेवटी कौसल्यानं दातांनी आणि नखांनी पोत्याची शिवण उसवली. वाळू भसाभसा सांडली, पोतं ढिलं पडलं आणि दार उघडलं. ती बाहेर आली, केसांत वाळू, लुगडं भिजलेलं. साहेब म्हणाले, “निघालं शेवटी.”

मी म्हटलं, “पोतं होतं साहेब, फाडता आलं. माणूस फाडता येत नाही.”

दादा बोळातच खाली बसले. उंबऱ्यातून वाळू वाहत आली होती. त्यातली चिमूटभर हातात घेऊन ते बसून राहिले. कौसल्यानं त्यांना पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग विचारलं, “तवा तो काय बोलला का गं?”

“दार म्हणाले.”

“आनि?”

“आणखी काही नाही.”

दादांनी वाळू खाली टाकली, हात धोतराला पुसले. “साहेब, पाटी ऱ्हाऊ द्या,” म्हणाले. “दारं करा.” मग उठून फाटकाकडं गेले आणि संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत.

तेव्हा हे नीट ऐका. फाटकावर तुमचं नाव लागणार नाही. पाटीला जी मंजुरी होती ती दारांकडं गेली. साहेबांनी ते जमवलं, कसं ते मी विचारलं नाही. कॉलनीत तुमच्या नावाचा दगड नाही, पाटी नाही, काही नाही. मी नको म्हटलं म्हणून नाही.

मग बशीरभाईंचं नाटक. त्यांना बोलावलं तर हातच जोडले. “वैनी, वव्हरशेरसायेबानं सांगितलं तशी म्या दारं लावली. आता म्याच उलटवू? आन त्या दिशी करवत चालवली, ती अजून हातात वाजतीय. मला न्हाई जमनार.” मी म्हटलं, माझं दार शेवटी करा, आधी बाकीची करा. त्यावर ते तुमचीच री ओढायला लागले. बाहेर उघडलं तर बोळात आडवं येईल, पोरांच्या डोक्याला लागेल. त्यांना म्हटलं, “बिजागऱ्या त्या कोपऱ्याकडच्या बाजूला घ्या. उघडलं की दार बोळाच्या भिंतीला चिकटून बसेल. आडवं कशाला येतंय?” ते पेन्सिल कानावर ठेवून बघत राहिले, मग दार हातानं हवेत फिरवून बघितलं, दोनदा. “बसंल,” म्हणाले. अहो, एवढंच होतं. तुम्ही इतकी वर्षं ज्याच्यापायी नकाशे पसरत होतात, ते बिजागऱ्यांची बाजू बदलून सुटलं.

कडीचंही सांगते. आतली कडी काढून लाकडी फिरकी बसवायला लावली. फिरकीचा खिळा दारातून आरपार आणि बाहेरच्या टोकाला एक खाच. आत कोणी पडलं तर बाहेरून खाचेत दहा पैशाचं नाणं घालून फिरवायचं, की उघडलं. कारकुनाची बायको म्हणाली, म्हणजे कोणीही उघडेल की! मी म्हटलं, उघडू दे. लाज गेली तर परत येते.

हे सगळं तुम्हाला कुठं शिकवतात का, ते मला माहीत नाही. मी सातवी पास. पण एक मला कळतं आणि ते माझ्या फार जिव्हारी लागलं आहे. तुम्हाला येत होतं. येत नव्हतं असं असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं.

शैला झाली तेव्हा माझी कंबर धरली होती, आठवतं? बाळंतपण होऊन घरी आले आणि वाकून माठातलं पाणी घेता येईना. मी ओट्याशी उभी असताना मागून येऊन दोरा लावलात. जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत. मला वाटलं, चेष्टा करताय. दोऱ्याला गाठ मारलीत आणि निघून गेलात. चार दिवसांनी पाण्याची घडवंची आणलीत, बरोबर त्या गाठीएवढ्या उंचीची. पुढची कड गोल घासलेली, मांडीला लागू नये म्हणून. माठाच्या बुडाखाली खळगा, हलू नये म्हणून. त्या दिवसापासून मला पाणी घ्यायला कधी वाकावं लागलं नाही, आणि त्या घडवंचीची कधी सवयही करावी लागली नाही. पहिल्याच दिवशी ती माझी होती.

म्हणजे माणसाकडं बघून केलंत तेव्हा तुमचं चुकलं नाही. कागदाकडं बघून केलंत तेव्हा कॉलनीभर चुकलं. एकदा, फक्त एकदा, तो दोरा घेऊन न्हाणीत माझ्याबरोबर, बादलीबरोबर उभे राहिला असतात! मी बोलावत होते की हो. दर वेळी बोलावत होते. घडवंची मी बेलापूरला नेणार आहे. दादांच्या घरात ती ठेवायला जागा नाही असं जाऊबाई म्हणतात. मी म्हटलं, मग मी पडवीत झोपेन, घडवंची आत ठेवा. त्या घडवंचीसाठी मी तुम्हाला जन्मभर हात जोडेन, आणि त्या दारासाठी जन्मभर बोटं मोडेन. दोन्ही एकाच हातांनी.

बशीरभाईंनी पंधरवड्यात कॉलनी पुरी केली. आता काय झालंय माहीत आहे? सगळ्या बायका जुन्या सवयीनं दार ढकलतात, ते उघडत नाही, कपाळ आपटतं, बादलीतलं पाणी सांडतं, आणि एवढ्या दुष्काळात पाणी सांडलं म्हणून त्या तुमच्या नावानं ओरडतात. “वव्हरशेरसायेबांनी आदीच नीट लावलं आसतं तर!” कौसल्या तर रोज सकाळी न चुकता. मी भिंतीपलीकडून ऐकते. मला फार बरं वाटतं.

शैला पुण्याहून आली होती. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “आई, हळूहळू सवय होईल.” तुमचीच लेक. मी तिला म्हटलं, “बये, बाकी काहीही सांग. हे नको सांगू.” मला सवय करून घ्यायची नाही. सवय झाली की माणसं विचारायचं सोडतात, हे मी तुमच्या घरात शिकले. चहा टाकताना अजूनही दोघांचं, दोन कप पाणी घेते. घेऊ दे.

काल बशीरभाई आले ते शेवटी आपल्या दाराला. गोणपाट काढलं, नवी फळी लावली, फिरकी बसवली. काम झाल्यावर हात फिरवून बघितला आणि हत्यारं गोळा करून गेले. पैशाचं विचारलं तर मानेनंच नाही म्हणाले.

आज माझी अंघोळीची पाळी होती. बंबातलं पाणी काढलं, एका हातात बादली घेतली, दुसऱ्या हातानं दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. याच जागी, याच हातानं मी ढकलत होते. मला वाटलं, तुम्ही आत आहात. खरंच वाटलं. मी हाक मारली, “अहो.”

कौसल्या पलीकडून म्हणाली, “वैनी, वढा! वढायचं हाय आता!”

बादली खाली ठेवली. दार ओढलं. एका बोटानं उघडलं.

इतकं सोपं होतं हो.